फोनातले रातकिडे

“आमच्या फोनात रातकिडे शिरले की काय माय! उचलला की नुसतं किर्रर्र किर्रर्र. कुनाला सांगावं, आन सांगून कोन ऐकतंय.”

मधल्या भिंतीपलीकडं अक्का पुटपुटत होत्या. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, मनकर्णाबाई. त्यांचं पुटपुटणं मोठं मापात असतं. त्यांच्या अंगणात सुरू होतं आणि बराबर माझ्या ओट्यापाशी येऊन संपतं. एक शब्द इकडंतिकडं सांडत नाही.

मी मनातल्या मनात म्हटलं, शिरू द्या रातकिडे. इतकी वर्षं त्या फोनात तुमच्यासाठी साखर होती, आता चार दिवस रातकिडे सोसा.

माझा राग फोनावर नव्हता, शीतलवरून होता. शीतल माझी थोरली लेक. तिला पाचवं लागलं तेव्हा जळबाभाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, सिद्धेश्वर धरणावर नोकरीला होते. तिथं सरकारी कॉलनी, कॉलनीत शाळा, घरात नळ. अक्कांना लेकरू नव्हतं. इकडं बाळापुरात माझा रत्नपाल अंगावर पीत होता आणि मी दुसऱ्याच्या हळदीत मजुरीला जात होते. शीतल शाळेसाठी सिद्धेश्वरला गेली.

आमच्या घरात हे वाक्य असंच बोलतात. शीतल शाळेसाठी तिकडं आहे. शाळा झाली, नांदेडला कॉलेज झालं, पुण्यात नोकरी लागली, आता कंपनीनं तिला सिंगापूरला धाडलं, तरी पाहुण्यांनी विचारलं की आमचे हे, प्रेमानंदराव, टोपी सारखी करून सांगणार, “शाळेसाठी भावाकडं ठेवली व्हती.” एवढी लांबलेली शाळा जगात दुसऱ्या कुणाची नसेल.

भाऊजी रिटायर झाल्यावर अक्का बाळापूरला परत आल्या आणि आमच्या शेजारी घर बांधलं. शीतल सुट्टीत आली की तिची बॅग त्यांच्या ओसरीत टेकायची. जेवायला एक दिवस माझ्याकडं यायची, आणि जेवण झालं की ताट उचलून मोरीत ठेवायची. पाहुणे ठेवतात तसं. मला ती आई म्हणायची. अक्कांनाही आईच म्हणायची. आणि आम्ही दोघी एकदम समोर असलो, की कुणालाच हाक मारायची नाही. नुसतं “ऐका ना” म्हणायची. “ऐका ना, मीठ कुठंय?” मग मीठ आम्ही दोघीही पुढं करायचो.

फोन अक्कांच्या घरात. दर रविवारी सकाळी तो वाजायचा. काय खाल्लं, केस गळतात का, पाऊस आहे का, सगळं अक्कांचं बोलून झालं की भिंतीवरून हाक यायची, “अनुसया, ये गं, शीतलचा फोन हाय!” मी हात पुसत धावायची, तर रिसीव्हर त्यांच्या कानाच्या उबीनं गरम झालेला. कायम मला रिसीव्हर गरम मिळाला आणि बातम्या गार.

मग एका रविवारी शीतल म्हणाली, घरी कॉम्प्युटर घेऊन देते. त्याला कॅमेरा लावायचा, म्हणजे तोंड बघून बोलता येईल. हे दोन हजार तीन साल. बाळापुरात तेव्हा मोजून तीन कॉम्प्युटर, त्यातला एक बंद. अक्कांनी त्याच दिवशी आपल्या ओसरीतला कोपरा झाडून घेतला. पण शीतल म्हणाली, “फोन इकडं आहे ना, मग कॉम्प्युटर तिकडं ठेवू.” लहानपणी बिस्कीट मोडायची, तशी वाटणी. बराबर मधोमध.

मला मात्र अख्खं बिस्कीट मिळाल्यासारखं झालं. शीतल माझ्या घरात येणार होती. आधी माझ्या. अक्कांना तिला बघायचं असेल तर माझा उंबरा ओलांडावा लागणार होता. मी उंबरा दोनदा पुसला.

हिंगोलीहून जुबेर खोकी घेऊन आला. त्याचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान, माणूस मोठा गोड बोलणारा. बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल मांडलं, मी मेणबत्ती लावली.

“मावशी, मेनबत्ती जरा बाजूला. मॉनिटरला आंच नक्को.”

एवढ्याशा मशीनला किती वायरी! आमचे हे म्हणाले, “ह्याच्यापरीस म्हशीचं दावं बरं. निदान एकच राहतं.” जुबेरनं इंटरनेटची डबी, मोडेम म्हणतात ते, ठेवायला भिंतीतला कोनाडा पाहिला.

“तिथं नको,” मी म्हटलं.

“काहून? हवा लागंल, बराबर जागा हाय. काय हाय आत?”

“पाटी हाय.”

“मंग काढा की.”

“तिथं नको म्हटलं ना, बाबा.”

त्यानं यांच्याकडं पाहिलं, यांनी पंख्याकडं. मोडेम टेबलावरच राहिलं.

आता फोनची लाईन पाहिजे होती. ती भिंतीपलीकडं. मी अक्कांच्या घरी गेले, मोठ्या तोऱ्यात नाही, पण लुगडं बदलून.

“घे की,” अक्का म्हणाल्या. “तार काय आमच्या बापाची हाय? फक्त ऐतवारच्या टायमाला आमचा फोन मोकळा पाहिजे.”

“ऐतवारीच तर ती कॅमेऱ्यावर येनार हाय, अक्का.”

“मंग फोन कवा करनार?”

“फोन काहून करंल? तोंडच दिसनार हाय की.”

जुबेरनं त्यांच्या फोनच्या डबीतून जोडवायर काढली, भिंतीवरून माझ्या घरात ओढली. वाटेत त्यांची वाळवणाची दोरी आडवी येत होती, ती त्यांनी आपल्या हातानं सोडून दिली आणि ओले कपडे खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पहिला रविवार आला. जुबेरनं शिकवलं होतं तसं मी एकेक बटण दाबलं. मोडेम आधी टिंग टिंग करी, मग मांजरं भांडावीत तसं ओरडे, मग एकदम गप्प. गप्प झालं की पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारके टीव्ही येत, एकमेकांना खेटून, लुकलुकत. ते आले म्हणजे लाईन लागली. मग शीतलचं नाव उजळलं. कॅमेऱ्याची चौकट उघडली, तर त्यात माझंच तोंड. खालून घेतलेलं, हनवटी ही एवढी, आणि डोक्यातून पंखा उगवलेला. मी पदर सारखा केला. दुसरी चौकट काळी होती, तिच्यात ती येणार.

टीव्ही गेले. दोन्ही. नाव विझलं.

“काय केलंस?” हे म्हणाले.

“काय न्हाई केलं. पदर घेतला.”

तेवढ्यात भिंतीपलीकडं फोन वाजला. आणि अक्कांचा आवाज, चांगला खणखणीत, “न्हाई माय, आमी काय केलं न्हाई. तिकडं ते मशीनच तसं हाय. ऱ्हाऊ दे ते. तू बोल, जेवलीस का?”

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मांजरं भांडायची, टीव्ही यायचे, नाव उजळायचं, आणि काळ्या चौकटीत उजेड पडायच्या आत सगळं बंद. बंद पडलं की फोन वाजायचा. फोन त्यांच्या घरात. माझं मशीन मोडलं की त्यांचा रविवार जुळायचा. आणि दुपारी भिंतीवरून डोकं काढून, तोंडात साखर घोळवत विचारायच्या, “लागलं का गं?”

“लागंल,” मी म्हणायची.

“लागंल म्हना. आपल्या लेकराचा पैसा चालला, एवढंच वाईट वाटतं.”

आपल्या! मी भाकरी अशी थापली, की परातीशेजारची सांडशी उडाली.

जुबेर येत राहिला. एकदा म्हणाला, कॅमेऱ्याची सीडी खराब. सीडी बदलली. मग म्हणाला, मोडेम जळालं. मोडेम बदललं. मग म्हणाला, तुमच्या घराला अर्थिंग न्हाई, करंट फिरतो. तेव्हा यांनी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची तार पुरली. “रोज पानी घालायचं, मावशी, सुकू द्यायचं न्हाई.” मी त्या तारेला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते. शेजारी कढीपत्त्याचं झाड होतं, ते तेवढ्यात तरारलं. तारेला काही फुटलं नाही.

मला एक गोष्ट मात्र कळायला लागली होती. मशीनसमोर बसून बसून मीच शिकले. आठवड्यात मधल्या दिवशी वीज असली की मी उगाच लाईन लावून बघायची. सोमवारी टिकायची, बुधवारी टिकायची. दोन बारके टीव्ही माझा स्वयंपाक होईपर्यंत लुकलुकत राहायचे. तुटायची ती रविवारीच.

“संडेला सगळे नेट लावतात ना,” जुबेर म्हणाला. “लोड येतो.”

“बाळापुरात सगळे म्हंजे कोन रे? तीन तर मशीनी.”

“तेच तर,” म्हणाला आणि चहा प्यायला.

त्यानंतरचा रविवार. सकाळी भिंतीपलीकडून ते रातकिड्यांचं पुटपुटणं ऐकू आलं आणि त्याच घटकेला माझी लाईन गेली. पुन्हा लावली. या वेळी मात्र कान भिंतीकडं होते. मांजरं भांडली, टीव्ही आले. मी यांना बाकड्यावर बसवलं.

“तुमी हितं बसा. कशाला हात लावू नका.”

“आन तू?”

“मी बघून येते.”

मागच्या दारानं गेले. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनं गेले. शब्दसुद्धा जुळवले होते. दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय तुमची जुनीच, असं काहीसं.

अक्का फोनच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. रिसीव्हर एका कानाला गच्च लावलेला, दुसऱ्या कानावर हात, डोळे मिटलेले. प्रवचनाला बसल्यासारख्या. रिसीव्हरमधून ते किर्रर्र मला दारापर्यंत ऐकू येत होतं.

“अक्का, काय करून राहिल्या?”

त्यांनी डोळे उघडले, पण रिसीव्हर सोडला नाही. “ऐकून राहिले.”

“काय? किर्रर्र?”

“आधी किर्रर्रच येतं. मंग मधी मधी बारीक काहीतरी येतं. तुला न्हाई कळनार. तिला ताप यायचा तवा झोपेत असंच कन्हायची, बारीक.” मग मलाच विचारलं, “तिचंच बोलनं जातं ना ह्यातून? माज्याच तारेतून तर जातं.”

जुळवलेले शब्द माझ्या तोंडातच राहिले. शीतल तापात कशी कण्हते ते मला माहीत नव्हतं. ते ताप सिद्धेश्वरला येऊन सिद्धेश्वरलाच उतरले होते. मला तिच्या तापाचासुद्धा हेवा वाटला.

तिकडून हे ओरडले, “गेलं गं! परत गेलं!”

“अक्का,” मी म्हटलं, “तुमी उचलला की तुटतं ते.”

“मी?”

“दर ऐतवारी. तिचं तोंड दिसायच्या टायमाला. तार एकच हाय ना.”

अक्कांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, तान्ह्या लेकराला ठेवावं तसा. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्यांचं तोंड पाहून दोन्ही वाटत होतं.

ठेवला तसा तो वाजायला लागला. त्यांचा हात सवयीनं पुढं गेला आणि मधेच थांबला. आम्ही दोघी त्या वाजणाऱ्या फोनाकडं बघत राहिलो. शेवटी मी उचलला. गरमच होता.

“आई?” शीतल म्हणाली. कोणती, ते तिनं विचारलं नाही.

“ठेव,” मी म्हटलं. “मशीनवर ये. आमी येऊन राहिलो. दोघी.”

तिकडून म्हणाली, “दोघी? बरं.”

मी अक्कांचं मनगट धरलं. “चला.”

“मी कशाला? ते तुज्या घरचं…”

“तुमी हितं बसल्या की हात फोनावर जातो. चला म्हन्ते ना.”

जळबाभाऊजी शेतात होते. घरात उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी मी बाहेरून कडी घातली. अक्का माझ्या उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या. ज्या उंबऱ्याची मी एवढी वाट पाहिली, तो त्या ओलांडत होत्या, आणि मला त्यात काही गोडी वाटेना. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “केस बरे हायेत का गं माझे?”

“बरे हायेत.”

“तुजे न्हाई. मागं घे.”

टेबलासमोर एकच बाकडं. आम्ही दोघी त्यावर दाटीवाटीनं बसलो. यांनी लाईन लावली. मांजरं भांडली. टीव्ही आले. मी ते दोन टीव्ही डोळ्यानं धरून ठेवल्यासारखे धरले. नाव उजळलं, चौकटीत आम्ही आलो.

“मधी सरका,” हे मागून म्हणाले. “एकीचा नुसता कान दिसून राहिला.”

सरकलो. मग काळी चौकट पांढरी झाली, तिच्यात चौकोन चौकोन आले, गोधडीच्या ठिगळांसारखे. ठिगळं हलली आणि त्यातून शीतल झाली. केस कापलेले. हसत होती. ओठ आधी हलत होते, आवाज मागून चालत येत होता.

तिनं आमच्याकडं पाहिलं. एका चौकटीत आम्ही दोघी. फोनला कान एक लागतो; इथं तिची पळवाट नव्हती. तिचं हसू तसंच राहिलं आणि ओठ जरासे हलले, मिटले, परत हलले.

“ऐका ना,” ती म्हणाली.

आम्ही दोघी पुढं वाकलो. कपाळं पडद्याला लागायचीच बाकी.

“ऐका ना, मी दिसतेय का?”

“दिसतीस!” दोघींच्या तोंडून एकदमच निघालं. मग दोघीही गप्प. मला वाटलं अक्का बोलतील, त्यांना वाटलं असेल मी बोलेन. इतक्या वर्षांत एकीमागून एक बोलायची सवय; दोघींनी मिळून तिच्याशी काय बोलायचं ते आम्हांला येतच नव्हतं. तिलाही येत नव्हतं. मोडेमवरचे दिवे तेवढे चमकत होते.

“बाबा, घर दाखवा ना,” शीतल शेवटी म्हणाली.

यांना काहीतरी काम मिळालं. त्यांनी कॅमेरा टेबलावरून काढला आणि वायर पुरेल तेवढा फिरवला. मेणबत्ती दाखवली, पंखा दाखवला, माझी उतरंड दाखवली. “हा बघ नवा रंग. ही खिडकी आता मोठी केली. ही भिंत…”

“थांबा, थांबा. मागं घ्या. तो कोनाडा आहे अजून?”

“हाय की.”

“त्यात काय आहे?”

हे घुटमळले. “पाटी हाय. तुजी.”

शीतल हसली, पण हसू अर्ध्यावर ठिगळासारखं अडकलं. ते मशीनमुळं की तिच्यामुळं, कळेना. “मी ठेवली होती,” तिचा आवाज मागून आला. “जाताना मीच ठेवली. परत येऊन घेईन म्हणून. अजून तिथंच आहे?”

अक्कांनी मान वळवून कोनाड्याकडं पाहिलं. या घरात त्या कितीदा आल्या असतील, पण तिथं कधी पाहिलं नसावं. की पाहिलं असेल. लाकडी चौकटीची पाटी, एक कोपरा उडालेला. मी ती दर पौर्णिमेला पुसते, तशी अंगभर काळी स्वच्छ होती.

यांनी कॅमेरा परत टेबलावर ठेवला, टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि पाहुण्यांना सांगतात त्याच आवाजात सुरू केलं, “तवा कसं व्हतं शीतल, की शाळेसाठी…”

“शाळा चवथीपतुरच ठरली व्हती, प्रेमानंद,” अक्का म्हणाल्या.

बाकड्यावर अक्कांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेलाच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावरची माईकची काळी काडी हातानं आपल्या तोंडाजवळ ओढली, आणि पडद्यातल्या त्या ठिगळांच्या तोंडाकडं बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

“चवथी झाली की तुला वापस द्यायचं ठरलं व्हतं, माय. ही वाट पाहून राहिली व्हती. म्याच देली न्हाई.”